चरबी काढली, साखर घातली
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी निवडलेला विषय काहींना अस्थानी वाटेल. शेतमालाचे भाव, बेकारी, पाणी, शिक्षण असे प्रश्न समोर उभे असताना ‘लो-फॅट’ बिस्किटे आणि ‘डाएट’ चिवडा यांची चर्चा करण्यात वेळ का घालवावा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसे १३ कोटींहून अधिक. ग्रामीण भागातही प्रौढांपैकी सुमारे ९ टक्के लोकांना मधुमेह आहे. म्हणजे जो रोग एके काळी बंगल्यात राहणाऱ्यांचा समजला जाई, तो आता चाळीत, वस्तीत आणि वाडीवर पोहोचला आहे. ज्या घरात औषधाचा महिन्याचा खर्च पेलत नाही, त्या घरात हा रोग शिरला की त्या घराचे अंदाजपत्रक कोलमडते, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

अशा घरातील माणूस डॉक्टरांकडून ‘तेलकट, तुपकट कमी करा’ असे ऐकून येतो आणि दुकानात जातो. दुकानात त्याच्यासाठी एक पाकीट मांडून ठेवलेले असते. त्यावर हिरव्या पानाचे चित्र, गव्हाची लोंबी आणि ‘कमी स्निग्धांश’ अशी पाटी. किंमत साध्या मालापेक्षा बहुधा चार पैसे जास्तच. तो माणूस पदरमोड करून ते पाकीट घेतो, कारण आपण आपल्या प्रकृतीसाठी योग्य तेच करतो आहोत असा त्याचा प्रामाणिक समज असतो. हा समज कितपत खरा आहे, आणि खरा नसेल तर तो कोणी आणि कसा निर्माण केला, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम त्या पाटीचा कायदेशीर अर्थ पाहू. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार, घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा अधिक स्निग्ध पदार्थ नसतील तर त्याला ‘लो-फॅट’ म्हणता येते. द्रव पदार्थासाठी ही मर्यादा १०० मिलिलिटरला १.५ ग्रॅम आहे. याचा अर्थ, ती पाटी खोटी नसते. परंतु ती फक्त एका घटकाविषयी बोलते आणि बाकीच्या साऱ्यांविषयी मौन पाळते. पदार्थात साखर किती, मीठ किती, पीठ कोंड्यासह दळलेले की मैदा, यांपैकी कशाचाही त्या दोन शब्दांशी संबंध नाही. निव्वळ साखरेत स्निग्धांश शून्य असतो. तेव्हा साखरेचे पोते बाजारात आणून त्यावर ‘चरबीमुक्त’ असे लिहिले तर ते विधानही सत्यच ठरेल. खाद्यतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक अक्षरांत छापण्याची रीत याच जातीची आहे. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते; वनस्पतिजन्य तेलात ते नावापुरतेही नसते. जे मुळात नव्हतेच ते नसल्याचे श्रेय घेण्याचा हा उद्योग आहे. सत्य विधानांनी खोटा समज निर्माण करता येतो, हे जाहिरातीच्या धंद्याला फार पूर्वी कळले.

आता पाकिटाच्या आत काय घडते ते पाहू. स्निग्ध पदार्थ अन्नात केवळ उष्मांक वाढविण्यासाठी नसतात. बिस्किटाचा खुसखुशीतपणा, दह्याचा मऊ घट्टपणा, जिभेवर रेंगाळणारी चव हे सारे त्यांच्यामुळे येते. ते काढून टाकले की उरलेला पदार्थ रुक्ष आणि बेचव होतो. आणि बेचव पदार्थ कारखानदाराला विकता येत नाही. म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत काहीतरी भरावे लागते. बहुतेक वेळा भरतात ती साखर, मैदा, प्रक्रिया केलेला स्टार्च, दाटपणासाठी डिंकवर्गीय पदार्थ आणि मीठ. हिशेब साधा आहे. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ उष्मांक मिळतात, १ ग्रॅम साखरेतून ४. समजा, वाटीभर दह्यातून ३ ग्रॅम स्निग्धांश काढला, तर २७ उष्मांक वाचले. पण फळाची चव आणण्यासाठी त्यात ८ ग्रॅम साखर घातली, तर ३२ उष्मांक परत आले. पाटी बदलली, किंमत वाढली, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाच्या रक्तात साखर मात्र अधिक गेली. घरी विरजलेल्या साध्या दह्याने त्याचे इतके नुकसान केले नसते.

काढलेल्या सायीचे पुढे काय होते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. ती गटारात जात नाही. तिचे लोणी, तूप आणि आइस्क्रीम होते आणि ते दुसऱ्या पाकिटातून, दुसऱ्या पाटीखाली विकले जाते. एकाच दुधातून एका ग्राहकाला पथ्य विकावयाचे आणि दुसऱ्याला चैन, आणि दोन्हींवर नफा मिळवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार आपल्या देशात उपजलेला नाही. त्याचे मूळ अमेरिकेत आहे आणि तो इतिहास उद्‌बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या पाहून शास्त्रज्ञ चिंतेत पडले होते. अ‍ॅन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने संपृक्त स्निग्ध पदार्थ, म्हणजे मुख्यतः लोणी आणि मांस यांतील चरबी, आणि हृदयविकार यांचा संबंध मांडला. १९५८ पासून सात देशांत त्याने त्यासाठी दीर्घ पाहणी केली. त्याच सुमारास काही शास्त्रज्ञ साखरेकडेही बोट दाखवीत होते. ब्रिटनमधील जॉन युडकिन याने १९७२ साली साखरेच्या दुष्परिणामांवर एक पुस्तकच लिहिले. दोन्ही शंका एकाच वेळी तपासता आल्या असत्या. परंतु शास्त्राच्या दारात हितसंबंध उभे होते. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने १९६५ साली हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर देऊन एक समीक्षालेख लिहवून घेतला. तो १९६७ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरील संशय सौम्य करून दोषाचे माप चरबीच्या पदरात टाकले होते. पैसे कोणी दिले याचा उल्लेख लेखात नव्हता. ही गोष्ट जुन्या पत्रव्यवहाराच्या आधारे २०१६ साली उघडकीस आली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर.

१९७७ साली अमेरिकन सिनेटच्या एका समितीने, सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली, देशासाठी आहारविषयक उद्दिष्टे जाहीर केली. मुळात ही समिती देशातील भूक आणि कुपोषण यांचा विचार करण्यासाठी नेमलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. तिच्या पहिल्या अहवालात मांस कमी खा, साखर कमी खा असा सरळ उपदेश होता. त्यावर पशुपालन व्यवसायातील धनिकांनी गहजब केला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुधारित आवृत्ती निघाली आणि ‘मांस कमी खा’ याऐवजी संपृक्त चरबी कमी होईल असे मांस, कोंबडी व मासे निवडा, अशी भाषा आली. वरवर पाहता हा शब्दांचा किरकोळ फेरफार. प्रत्यक्षात येथेच दिशा बदलली. ‘अमुक पदार्थ कमी खा’ असे सरकारने म्हटले तर त्या पदार्थाचा उत्पादक दुखावतो. ‘अमुक घटक कमी करा’ असे म्हटले तर कोणीच दुखावत नाही. उलट प्रत्येक कारखानदाराला तो घटक कमी केलेला नवा माल काढण्याचे निमंत्रण मिळते.

हे निमंत्रण पुढे सरकारनेच लेखी दिले. १९९० साली अमेरिकन सरकारने दहा वर्षांसाठी ठरविलेल्या आरोग्यविषयक उद्दिष्टांत, कमी चरबीचे निदान ५,००० प्रक्रियायुक्त पदार्थ बाजारात यावेत, असे एक उद्दिष्ट नमूद केले होते. कारखानदारांनी ही सेवा आनंदाने पत्करली. १९९२ साली नॅबिस्को कंपनीने ‘स्नॅकवेल्स’ या नावाची बिस्किटे व केक आणले. त्यांतील चरबी काढलेली होती आणि साखर मुबलक होती. लोकांच्या उड्या पडल्या. चरबी नाही म्हणजे कितीही खाल्ले तरी चालेल, अशा समजुतीने पुडेच्या पुडे फस्त होऊ लागले. इतके की या मनोवृत्तीला त्या बिस्किटाचेच नाव मिळाले. १९९६ साली तर ‘ओलेस्ट्रा’ नावाच्या, शरीरात न पचणाऱ्या कृत्रिम स्निग्ध पदार्थाला वेफर्ससारख्या पदार्थांत वापरण्याची मान्यता मिळाली. पोटात मुरडा येऊ शकतो, जुलाब होऊ शकतात, अशी सूचना काही वर्षे त्या पाकिटांवर छापावी लागत होती. पथ्याच्या नावाखाली जुलाबाची सूचना देऊन खाद्यपदार्थ विकण्याचा हा प्रकार बाजाराच्या तर्कशास्त्राचा उत्तम नमुना आहे.

परिणाम काय झाला? १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेतील प्रौढांपैकी सुमारे १५ टक्के लोक स्थूल होते. १९९९–२००० मध्ये ते प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. त्या काळात इतरही पुष्कळ बदल झाले. परंतु कमी चरबीच्या मालाने देश सडपातळ झाला नाही, एवढे निश्चित म्हणता येते. २००६ साली एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ४८,८३५ स्त्रियांचा सुमारे आठ वर्षे अभ्यास झाला होता. त्यांपैकी एका गटाला आहारातील एकूण स्निग्धांश कमी करून भाज्या, फळे व धान्ये वाढविण्यास सांगितले होते. त्या गटात हृदयविकार, स्तनांचा कर्करोग किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग यांच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. एवढ्या शिस्तीने स्निग्धांश कमी करूनही जे साधले नाही, ते गोड बिस्किटाच्या पुड्यातून साधेल अशी अपेक्षा कशी करावी?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चरबीवरचा आळ अतिरंजित होता म्हणून चरबी सर्वथा निर्दोष आहे, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही चूक आहे. आणि तो निष्कर्ष विकणारेही बाजारात कमी नाहीत. लोणी, तूप, पामतेल यांतील संपृक्त स्निग्धाम्ले कमी करून त्यांच्या जागी शेंगदाणा, करडई, मोहरी यांसारख्या तेलांतील असंपृक्त स्निग्धाम्ले आली, तर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कमी होते, हे मान्य झालेले सत्य आहे. त्याच जागी साखर आणि मैदा आला तर तो लाभ मिळत नाही. तेव्हा ‘किती स्निग्धांश’ या प्रश्नापेक्षा ‘कोणता स्निग्धांश, आणि तो काढून त्या जागी काय घातले’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सर्वांत घातक ठरलेली ट्रान्स चरबी वनस्पती तुपातून आपल्या घरांत आणि मिठाईच्या दुकानांत दशकानुदशके येत राहिली. ते वनस्पती तूप ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ होतेच. ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. ती दुकानातील निवडीने नव्हे, कायद्याने आली.

कमी स्निग्धांशाचा माल नेहमीच फसवा असतो असेही नाही. याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. १९४६ च्या सुमारास मुंबईच्या दूध योजनेत दारा खुरोडी यांनी ‘टोन्ड’ दुधाची कल्पना अमलात आणली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणावयाचा, प्रथिने राखावयाची, आणि तेवढ्याच दुधातून अधिक मुलांना स्वस्त दूध पुरवावयाचे, हा त्यामागील हेतू होता. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. १९६३ साली खुरोडी यांना त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या दुधात साखर घातली नव्हती, त्यावर आरोग्याची बढाई नव्हती, आणि त्याची किंमत वाढविलेली नसून उतरविलेली होती. स्निग्धांश कमी करण्याची क्रिया येथेही आहे आणि त्या गोड दह्यातही आहे. एकीच्या मुळाशी गिरणगावातील मुलाची गरज होती. दुसरीच्या मुळाशी विक्रीखात्याची गरज आहे. तंत्र कोणाच्या हाती आणि कशासाठी, यावर त्याचे फळ ठरते.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होण्याचे एक शारीरिक कारणही आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गरोदर माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो, परंतु आपल्या बालकांत स्नायू कमी असून त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास किडकिडीत, पण आत चरबी बाळगणारे शरीर हा आपला वारसा आहे, आणि त्याला मातांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचा संदर्भ आहे. अशा शरीरावर साखर आणि मैद्याचा मारा लवकर परिणाम करतो, कारण गरजेपेक्षा अधिक गेलेली साखर यकृतात चरबीचेच रूप घेते. पोटातील चरबी वाढण्यासाठी ती तोंडावाटे चरबी म्हणूनच जावी लागते असे नाही.

महाराष्ट्रात साखरेविषयी असे बोलणे अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून ऊस हे येथील शेतकऱ्याचे नगदी पीक आणि राजकारणाचे बळ राहिले आहे. परंतु ऊस पिकविणारा आणि कोयता घेऊन तो तोडणारा यांचे हित, आणि शीतपेये व बिस्किटे विकणाऱ्या कंपन्यांचे हित एकच आहे, असे मानण्याचे कारण नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलाला स्वस्तात काय मिळते? पाच रुपयांचा गोड पुडा. डाळ आणि अंडे त्याच्या आवाक्याबाहेर जातात. उसाच्या भावाची लढाई लढावी. पण ती लढण्यासाठी त्या मुलाने मधुमेही व्हावे, अशी अट नाही.

मग करावे काय? ‘बायकांनी घरी करावे, पाकिटे आणू नयेत’ असा सल्ला देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. सकाळी सहाला लोकल पकडणारी, संध्याकाळी आठला परतणारी स्त्री पाकीट घेते ते आळसाने नव्हे. तिच्याजवळ वेळ उरत नाही म्हणून. तिला दोष देण्याआधी तिच्या वेळेचा आणि मजुरीचा विचार झाला पाहिजे. तरीही काही गोष्टी आज, या घडीला सांगण्याजोग्या आहेत. पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची असते, मागची कायद्याची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा मैदा असेल, तर पुढच्या बाजूवरील हिरव्या पानाला अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली मर्यादा अशी की साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी असावेत. ही दुसरी मर्यादा प्रौढाला दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम पडते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो, म्हणून त्याला ‘लो-फॅट’ची पाटी कधीच मिळणार नाही. तरीही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे त्या पाटीच्या बिस्किटापेक्षा चांगले अन्न आहे, हे वस्तीवस्तीत निःसंकोचपणे सांगितले पाहिजे.

परंतु मागची बाजू बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते. ज्यांना ती वाचता येत नाही त्यांचे काय? म्हणूनच हा प्रश्न अखेरीस वैयक्तिक सावधपणाचा राहत नाही. चिली या देशाने २०१६ सालापासून साखर, मीठ, संपृक्त चरबी वा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर पुढच्या बाजूस काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ च्या सप्टेंबरात प्राधिकरणाने जो मसुदा काढला, त्यात इशाऱ्याऐवजी तारे देण्याची योजना होती. तारे आणि इशारा यांत महत्त्वाचा भेद आहे. ताऱ्यांच्या पद्धतीत पदार्थातील चांगल्याचे गुण मिळवून वाईटाचे गुण कमी करतात. तेव्हा थोडा तंतुमय भाग घालून साखरेचे पाप झाकता येते, आणि अगदी निकृष्ट पदार्थालाही अर्धा तारा मिळतोच. निरक्षर माणसाला काळा इशारा कळतो. अर्धा तारा त्याला बक्षिसासारखाच दिसतो. इशाऱ्याची मागणी प्रत्येक जिल्ह्यातून झाली पाहिजे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी बंदी घातली आहे. ती आपल्या गावातील शाळेपाशी पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी दिल्लीस जावे लागत नाही.

कमी चरबीचे पाकीट हा आरोग्याचा पर्याय आहे काय, या प्रश्नाचे उत्तर असे की ती पाटी एकटी काहीच सांगत नाही, आणि पुष्कळदा नको तेच झाकते. लोकांना आजारी पाडणाऱ्या अन्नव्यवस्थेने त्याच आजारावर नवे पाकीट विकावयास काढले आहे. डॉक्टरांचा सल्ला ऐकून दुकानात गेलेला तो माणूस नीतीने वागत होता. फसवणूक त्याच्या बाजूने झाली नाही. त्याला शहाणपण शिकविण्याआधी, पाकिटावर जे लिहावयास हवे ते लिहविण्याचे काम संघटनेचे आहे.